मोजावे ते हाड, छेद नव्हे

गेल्या काही दशकांत ‘दुर्बिणीची शस्त्रक्रिया’ हा शब्दप्रयोग सामान्य माणसाच्या बोलण्यात चांगलाच रुळला आहे. पित्ताशयातील खडे असोत, आंत्रपुच्छाची सूज असो वा गुडघ्यातील फाटलेली कूर्चा असो, ‘दुर्बिणीने होईल ना?’ हा प्रश्न रुग्णाचे नातेवाईक सर्वप्रथम विचारतात आणि उत्तर होकारार्थी आले की अर्धी चिंता मिटली असे मानतात. यात वावगे काही नाही. लहान छेदामुळे वेदना कमी होतात, रुग्णालयातील मुक्काम आटोपशीर राहतो, व्रणही लहान राहतो. परंतु या समाधानात दोन गृहीतके नकळत मिसळलेली असतात. छेद लहान म्हणजे शस्त्रक्रिया लहान, हे पहिले. आणि छेद लहान म्हणजे शस्त्रक्रिया अधिक चांगली, हे दुसरे. वारंवार निखळणाऱ्या खांद्याच्या बाबतीत ही दोन्ही गृहीतके कसोटीला उतरत नाहीत. तेथे प्रश्न कातडीवरील छेदाच्या लांबीचा नसून आत झिजलेल्या हाडाच्या रुंदीचा असतो. हा भेद रुग्णाला कळला नाही तर त्याची किंमत त्यालाच मोजावी लागते. आणि ती केवळ रुपयांत मोजता येत नाही.

उथळ बशीतला गोळा

खांदा हा शरीरातील सर्वांत मोकळा सांधा. हात डोक्यावर नेणे, पाठीमागे वळविणे, गोफण फिरविणे, चेंडू टाकणे या साऱ्या हालचाली त्याला साधतात. पण या स्वातंत्र्याचे मोल म्हणून निसर्गाने त्याची स्थिरता कमी ठेवली आहे. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या खोल वाटीत बसलेला असतो. दंडाच्या हाडाचा गोळा मात्र खवाट्याच्या हाडावरील एका उथळ बशीला नुसता टेकलेला असतो. या बशीची रुंदी सुमारे पंचवीस मिलिमीटर, म्हणजे जेमतेम एक इंच. तिच्या कडेला कूर्चेसारखी एक वर्तुळाकार किनार असते, तिला बांधून ठेवणारे अस्थिबंध असतात आणि भोवती स्नायू असतात. या सर्वांच्या सहकार्यावर खांदा जागेवर राहतो.

मोठ्या सांध्यांत सर्वाधिक वेळा निखळतो तो खांदाच. त्याचे हे वैगुण्य माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सुश्रुतसंहितेत निखळलेल्या सांध्यांचे सहा प्रकार वर्णिले आहेत. हिपॉक्रेटिसच्या परंपरेतील ग्रीक ग्रंथांत वारंवार निखळणाऱ्या खांद्यासाठी काखेत तप्त लोखंडाचे डाग देण्याचा उपाय सांगितला आहे. उपाय अघोरी असला तरी त्यामागचे निरीक्षण अचूक होते : एकदा निखळलेला खांदा बसविणे ही एक गोष्ट, आणि तो पुन्हा निखळू नये याची व्यवस्था करणे ही दुसरी.

या दुसऱ्या प्रश्नाचे आधुनिक उत्तर विसाव्या शतकात मिळू लागले. लंडनचे शल्यविशारद बँकार्ट यांनी १९२३ साली असे प्रतिपादन केले की, खांदा पुढच्या बाजूला निखळताना बशीची किनार हाडापासून सुटते आणि ती पुन्हा जुळत नाही, हेच पुनःपुन्हा निखळण्याचे मूळ होय. ती किनार हाडाला पुन्हा शिवून टाकणे हा त्यांचा उपाय आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पुढे १९४० साली सॅन फ्रान्सिस्कोतील हिल आणि सॅक्स या दोघा क्ष-किरणतज्ज्ञांनी नाण्याची दुसरी बाजू दाखविली. निखळलेला गोळा बशीच्या कठीण कडेवर आदळतो तेव्हा गोळ्याच्या मागच्या भागात खळगा पडतो. म्हणजे नुकसान दुहेरी होते : बशीची पुढची कड झिजते वा तुटते, आणि गोळ्याला खाच पडते. हात विशिष्ट कोनात वळला की ही खाच त्या झिजलेल्या कडेत अडकते आणि खांदा पुन्हा निखळतो. प्रत्येक निखळण्यागणिक दोन्हीकडचे हाड आणखी झिजण्याचा संभव असतो.

दुर्बिणीचा उत्साह आणि एक धडा

सांध्यात दुर्बीण घालण्याची कल्पना प्रथम जपानमध्ये रुजली. टोकियोचे ताकागी यांनी १९१८ साली मूत्राशय तपासण्याच्या नळीतून मृतदेहाच्या गुडघ्यात डोकावून पाहिले. त्यांची परंपरा पुढे नेणाऱ्या वातानाबे यांनी १९६२ साली गुडघ्यातील फाटलेल्या कूर्चेचा भाग दुर्बिणीच्या साहाय्याने काढला. गुडघ्यानंतर खांद्याची पाळी आली. हाडात रुतून बसणारे आणि दोरा धरून ठेवणारे बारीक ‘अँकर’ उपलब्ध झाले, तेव्हा बँकार्ट यांचीच शस्त्रक्रिया दोन-तीन छिद्रांतून करणे शक्य झाले. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ही पद्धत जगभर झपाट्याने पसरली. पण काही रुग्णांचे खांदे शस्त्रक्रियेनंतरही निखळत राहिले. दोष दुर्बिणीचा, दोऱ्याचा, शल्यविशारदाच्या हाताचा, की आणखी कशाचा?

या प्रश्नाचे निर्णायक उत्तर २००० साली अमेरिकेचे बर्कहार्ट आणि दक्षिण आफ्रिकेचे डी बीअर यांनी दिले. दुर्बिणीने बँकार्ट दुरुस्ती केलेल्या १९४ रुग्णांचा त्यांनी हिशेब मांडला. त्यांपैकी १७३ जणांच्या सांध्यात हाडाची लक्षणीय हानी नव्हती. त्यांच्यात फक्त ७ जणांना पुन्हा त्रास झाला. हे प्रमाण ४ टक्के पडते. उरलेल्या २१ जणांच्या हाडाची मात्र लक्षणीय हानी झालेली होती. त्यांतील १४ जणांचा खांदा पुन्हा अस्थिर झाला. हे प्रमाण ६७ टक्के! शस्त्रक्रिया तीच, दुर्बीण तीच, अँकर तेच. परिणामांत मात्र एवढी तफावत. सुटलेली किनार शिवता येते, पण जी कडच उरलेली नाही तिला शिवणार कशाला? भिंत खचलेली असताना गिलावा कितीही सफाईने केला तरी तो टिकत नाही, तसाच हा प्रकार होता.

या आकडेवारीने दुर्बीण निकामी ठरली नाही. उलट, योग्य रुग्णाच्या बाबतीत ती अत्यंत यशस्वी असल्याचेच सिद्ध झाले. साधन आणि निवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि निवड चुकली की उत्तम साधनही हरते, हा तिचा खरा धडा होय.

हाडाला हाडाचाच आधार

हाड गेले असेल तर हाडच द्यावयास हवे, हा विचार अर्थातच २००० सालापूर्वीचा. फ्रान्समधील लियाँ येथील शल्यविशारद लाटार्जे यांनी १९५४ साली त्याची एक पद्धत सांगितली. खवाट्याच्या पुढच्या बाजूस पक्ष्याच्या चोचीसारखा एक अस्थिभाग असतो. त्याचे टोक, त्याला चिकटलेल्या स्नायूंसह, कापून बशीच्या झिजलेल्या कडेला स्क्रूने बसवावयाचे, अशी ही पद्धत. तिचा लाभ तिहेरी आहे. बशी रुंद होते. सोबत आलेले स्नायुबंध, हात वर करून बाहेर वळविला की, झोळीसारखे गोळ्याला पुढून आधार देतात. सांध्याचे आवरणही त्याच वेळी बळकट करता येते. याखेरीज कमरेच्या हाडाचा तुकडा घेऊन बशीच्या कडेला बसविण्याची जुनी पद्धतही आहे. हानी मुख्यतः गोळ्यातील खाचेची असेल तर मागच्या स्नायूचा कंडरा त्या खाचेत शिवून ती बुजविता येते. या उपायाला फ्रेंचमध्ये ‘भरणे’ या अर्थाचा ‘राँप्लिसाज’ हा शब्द रूढ झाला आहे.

मूळ लाटार्जे ही उघडी शस्त्रक्रिया. फ्रान्समधील आनसी येथील लाफॉस यांनी २००३ साली ती संपूर्णपणे दुर्बिणीतून करून दाखविली आणि २००७ साली तिचे तंत्र प्रसिद्ध केले. हाड कापणे, ते स्नायूमधून पलीकडे नेणे, अचूक जागी बसविणे आणि स्क्रू आवळणे ही सारी कामे काही लहान छिद्रांतून, पडद्यावरील चित्राकडे पाहत करावयाची आणि हाताला संवेदना पुरविणाऱ्या नसा अगदी निकट असताना करावयाची, हे कौशल्याचे शिखरच मानले पाहिजे. दुर्बिणीमुळे सांध्याचा अंतर्भाग सर्व बाजूंनी दिसतो, हाडाचा तुकडा बशीशी समपातळीत बसला की नाही हे तपासता येते आणि सोबतच्या इतर इजांवर त्याच वेळी उपाय करता येतो. हे लाभ खरे आहेत.

तथापि त्यांच्या दुसऱ्या बाजूचाही जमाखर्च मांडला पाहिजे. या शस्त्रक्रियेला उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा अधिक वेळ लागतो, उपकरणे अधिक लागतात आणि ती आत्मसात करण्यास शल्यविशारदाला दीर्घ उमेदवारी करावी लागते. खांदा स्थिर राहण्याच्या दृष्टीने तरबेज हातांनी केलेल्या दोन्ही पद्धतींचे फळ तुलनात्मक अभ्यासांत साधारण सारखेच आढळते. म्हणजे येथे छेद लहान असला तरी शस्त्रक्रिया मुळीच लहान नाही. आणि केवळ छेद लहान आहे म्हणून ती अधिक चांगली ठरते, असेही नाही. एखाद्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील अनुभवी शल्यविशारदाने पाच-सहा सेंटिमीटरच्या छेदातून दोन स्क्रू बसवून केलेली लाटार्जे ही दुय्यम दर्जाची सेवा नव्हे. ‘पैसे नव्हते म्हणून उघडी केली’ असे म्हणताना रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना जी खंत वाटते, ती अस्थानी आहे.

मोजमापाचे महत्त्व

मग निर्णय कशावर घ्यावयाचा? उत्तर एका शब्दात देता येते : मोजमापावर. बशीची रुंदी पंचवीस मिलिमीटर धरली तर तिचा पाचवा हिस्सा म्हणजे अवघे पाच मिलिमीटर. एवढे हाड गेले तर काय घडते? जपानच्या इतोई यांनी सहकाऱ्यांसह मृतदेहांच्या खांद्यांवर केलेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, सुमारे २१ टक्के हानीनंतर केवळ किनार शिवून खांदा स्थिर राहत नाही असे आढळले. पुढे बरीच वर्षे २० ते २५ टक्के ही धोक्याची रेषा मानली गेली. अमेरिकन सैनिकांवरील २०१५ च्या एका अभ्यासाने १३.५ टक्के हानीपासूनच रुग्णांचे समाधान घटते असे दाखवून ती रेषा आणखी खाली आणली. आज तर बशीची झीज आणि गोळ्यातील खाच यांचा एकत्रित विचार करून, हात फिरताना ती खाच बशीच्या कडेवरून घसरेल की नाही हे आधीच ताडण्याची पद्धत प्रचलित झाली आहे. चार-पाच मिलिमीटरांवर शस्त्रक्रियेचा प्रकार बदलतो, हे ध्यानात घेतले म्हणजे साध्या क्ष-किरण चित्रावर आणि अंदाजावर विसंबणे किती धोक्याचे आहे हे सहज पटेल. त्रिमितीय सी.टी. स्कॅन हा अशा रुग्णाच्या बाबतीत चैनीचा खर्च नसून संपूर्ण निर्णयाचा पाया होय.

येथे वैद्यकाची सीमा संपून अर्थशास्त्राची सुरू होते. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांहून वेगळा का, याची मीमांसा केली. त्यातील एक मुख्य सूत्र असे की, विक्रेता जे जाणतो ते ग्राहक जाणत नाही आणि जाणू शकतही नाही. बाजारात भाजी घेणारा माणूस वांगे दाबून पाहतो. खांद्याचा रुग्ण बशीची कड दाबून पाहू शकत नाही. मग जे डोळ्यांना दिसते त्यावरूनच तो गुणवत्तेचा अदमास बांधतो. त्याला दिसतो तो व्रण, दिसतो तो जाहिरातीचा फलक आणि दिसते ते देयक. परिणामी कौशल्याची स्पर्धा व्हावयाच्या ऐवजी छेद किती लहान, यंत्र किती नवे याची स्पर्धा सुरू होते. यात प्रत्येक वेळी कोणाचा दुष्ट हेतू असतो असे मुळीच नव्हे. अज्ञानाच्या अंधारात चालणाऱ्या बाजाराचा तो स्वाभाविक कल असतो, आणि म्हणूनच सार्वजनिक नियमांची गरज निर्माण होते.

विम्यामुळे हा प्रश्न आपोआप सुटत नाही. २०१८ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेने पात्र कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण दिले. महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेल्या आणि पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव लाभलेल्या योजनेनेही असंख्य कुटुंबांना आधार दिला. या योजनांचे मोल मोठे आहे. पण पॅकेज पद्धतीत पैसा मिळतो तो केलेल्या शस्त्रक्रियेबद्दल. दोन वर्षांनंतर खांदा जागेवर आहे की नाही याच्याशी त्या देयकाचा संबंध नसतो. ज्याची शस्त्रक्रिया फसते तो रुग्ण हिशेबात दुसऱ्यांदा येतो तेव्हा नवे प्रकरण म्हणूनच येतो.

विलंबाचे अर्थशास्त्र

खांदा निखळणारा माणूस बहुधा तरुण असतो. कबड्डीच्या मैदानावरचा किंवा कुस्तीच्या आखाड्यातला मुलगा, दुचाकीवरून पडलेला विद्यार्थी, शिडीवरून घसरलेला रंगारी, अपस्माराचा झटका आलेला रुग्ण. पहिल्या वेळी कोणी जाणता माणूस वा हाडवैद्य हात ओढून खांदा बसवितो, वेदना थांबतात आणि प्रकरण मिटले असे सर्वजण समजतात. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपर्यंत रुग्ण स्वतःच खांदा बसविण्यास शिकतो आणि त्या कौशल्याचे मित्रमंडळींत कौतुकही होते. या कौतुकाच्या काळातच हाड झिजत असते. जी इजा प्रारंभी व्यायामाने, किंवा फार तर दोन-तीन अँकरांनी सुधारली असती, तिला अखेर हाडाचे रोपण लागते.

याचा अर्थ पहिल्यांदा खांदा निखळताच प्रत्येकाने शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावे असा नाही. स्वीडनमधील होवेलियस यांनी बारा ते चाळीस वर्षे वयाच्या रुग्णांचा तब्बल २५ वर्षे पाठपुरावा केला. शस्त्रक्रियेविना उपचार केलेल्या खांद्यांपैकी सुमारे निम्मे पुन्हा निखळले नाहीत वा कालांतराने आपोआप स्थिर झाले, असे त्यांना आढळले. म्हणजे घाई हेही अज्ञानाचेच दुसरे रूप. पहिल्या वेळी आवश्यक असते ती शस्त्रक्रिया नव्हे. आवश्यक असते ती नोंद, क्ष-किरण चित्र, वय आणि व्यवसाय पाहून दिलेला सल्ला, आणि व्यायामाचे मार्गदर्शन.

शस्त्रक्रियेचा खर्च मोजताना आणखी एक रक्कम नेहमी विसरली जाते, ती म्हणजे बुडालेल्या मजुरीची. छेद लांब असो वा आखूड, बसविलेले हाड सांधण्यास निसर्ग आपला वेळ घेतोच. काही आठवडे हात झोळीत राहतो, नंतर व्यायाम करावे लागतात आणि जड काम वा अंगावर येणारे खेळ यांकडे परतण्यास अनेक महिने जातात. कर्मचारी राज्य विमा योजनेखालील कामगाराला आजारपणात वेतनाच्या ७० टक्के इतका भत्ता वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकतो. रोजंदारीवरील रंगाऱ्याला वा हमालाला तोही नाही. अशा माणसाची पहिली शस्त्रक्रिया फसणे म्हणजे दोन वर्षांची मिळकत कोलमडणे, कधी कायमचा रोजगार जाणे. त्याच्या दृष्टीने ४ टक्के आणि ६७ टक्के यांतील अंतर हा केवळ शोधनिबंधातील तपशील नव्हे.

काय करता येईल?

यावरील उपाय फार खर्चिक नाहीत. पहिला उपाय असा की, निखळलेला खांदा बसविल्यानंतर प्रत्येक शासकीय रुग्णालयाने रुग्णाच्या हाती एक नोंदपत्रक द्यावे. कितवी वेळ, कोणत्या कारणाने, क्ष-किरणात काय दिसले, हे त्यावर असावे. दुसरा असा की, वारंवार निखळणाऱ्या खांद्याची शस्त्रक्रिया सार्वजनिक पैशातून होत असेल तर हाडाच्या हानीचे मोजमाप आकड्यात लिहिल्याखेरीज तिला मंजुरी मिळू नये, आणि त्या तपासणीचा खर्च योजनेने सोसावा. तिसरा असा की, अँकर आणि स्क्रू यांची संख्या व किंमत, पर्यायी पद्धती आणि ती विशिष्ट शस्त्रक्रिया त्या शल्यविशारदाने किती वेळा केली आहे, ही माहिती रुग्णाला मराठीत, लेखी आणि आधी मिळावी. २०१७ साली केंद्र सरकारने हृदयाच्या स्टेंटची आणि नंतर गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याची कमाल किंमत ठरविली, तेव्हा या वस्तूंच्या किमतीत किती हवा भरलेली असू शकते हे देशाने पाहिले आहे.

चौथा उपाय सर्वांत महत्त्वाचा. स्वीडनने १९७५ सालीच कृत्रिम गुडघ्यांच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. कोणता सांधा किती वर्षे टिकला, हे त्यातून कळू लागले आणि निकृष्ट साधने आपोआप मागे पडली. खांद्याच्या शस्त्रक्रियांसाठीही अशी नोंदवही ठेवता येईल. दोन वर्षांनी रुग्णाला एक पत्र वा एक दूरध्वनी, आणि एकच प्रश्न : खांदा पुन्हा निखळला काय? त्या उत्तरांच्या बेरजेतून जे ज्ञान मिळेल ते कोणत्याही जाहिरातीपेक्षा रुग्णाच्या अधिक उपयोगी पडेल.

दुर्बिणीने शल्यविशारदाला सांध्याच्या आत पाहण्याची दृष्टी दिली, हा विज्ञानाचा मोठाच विजय आहे. पण रुग्णाला आणि समाजाला त्या सांध्यात काय चालले आहे हे पाहण्याची दृष्टी अजून मिळावयाची आहे. ती मिळेपर्यंत शस्त्रक्रियेला संमती देणाऱ्या प्रत्येकाने ‘दुर्बिणीने होईल ना?’ या प्रश्नाआधी दुसरा एक प्रश्न विचारावा : ‘हाड किती गेले आहे, आणि ते मोजले आहे काय?’ हा प्रश्न विचारण्यास पैसा लागत नाही. आणि त्याचे उत्तर देण्यास कोणत्याही जाणत्या शल्यविशारदाची ना असणार नाही.